पन्नास सह्यांची सभा: पूर्णगडच्या तटापासून पुण्याच्या दिवाणखान्यापर्यंत

#धागा #इतिहास #सार्वजनिकसभा

१/
रत्नागिरीच्या दक्षिणेस, मुचकुंदी नदी जिथे समुद्रास मिळते तिथे पूर्णगड नावाचा एक आटोपशीर किल्ला उभा आहे. १८१८ साली पेशवाईचा शेवट झाला आणि कोकणातील इतर किल्ल्यांप्रमाणे हाही इंग्रजांच्या ताब्यात गेला. किल्ला गेल्याची नोंद इतिहासात आहे. त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिची नोंद सहसा कोणी करीत नाही. ती म्हणजे रयतेची तक्रार वर पोहोचवण्याची वाट. ती वाट पुन्हा कशी बांधली गेली, याची ही हकीकत.

२/
पेशवाईत ही वाट ठरलेली होती. गावचा खोत किंवा पाटील, त्याच्यावर मामलेदार, त्याच्यावर कोकणचा सरसुभेदार आणि सर्वांत वर पुण्याचा हुजूर. या उतरंडीत न्याय मिळेच अशी हमी नव्हती. वशिला, नजराणा आणि जात यांचे वजन मोठे होते. तरीही तक्रार मराठीत सांगता येई, कागद मोडीत लिहिला जाई, आणि ऐकणारा माणूस त्याच मुलखातला असे.

३/
१८१८ नंतर वरच्या जागी कलेक्टर आला. त्याच्यावर मुंबईचा गव्हर्नर, आणि त्याच्याही वर सातासमुद्रापलीकडचे सरकार. अर्ज करण्याची मुभा होती, पण अर्ज एकट्याचा आणि उत्तर इंग्रजीत. १८६१च्या कायद्यानंतर मुंबईच्या कायदेमंडळात काही हिंदी गृहस्थ बसू लागले. त्यांची नेमणूक मात्र सरकार करी. रयतेच्या वतीने, रयतेच्या संमतीने बोलणारा कोणीच त्या व्यवस्थेत नव्हता.

४/
ही पोकळी सुशिक्षितांच्या लक्षात आली होती. १८५२ साली जगन्नाथ शंकरशेट, दादाभाई नौरोजी प्रभृतींच्या पुढाकाराने मुंबईत बॉम्बे असोसिएशन निघाली. १८६७ साली पुण्यातही पूना असोसिएशन स्थापन झाली. या संस्थांतून चर्चा होत, ठराव होत, सरकारकडे अर्जही जात. पण सरकारजवळ एक हुकमी प्रश्न असे: ‘तुम्ही बोलता ते कोणाच्या वतीने?’ या प्रश्नाला चार प्रतिष्ठित गृहस्थांच्या बैठकीजवळ पटेल असे उत्तर नव्हते.

५/
उत्तर सापडले ते एका अगदी स्थानिक वादातून. पुण्याच्या पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष होता. दाद कोणी, कुठे आणि कोणत्या अधिकाराने मागावी, असा पेच पडला. त्यातून शहरातील काही मंडळी एकत्र आली. त्यांच्यात पुढे होते गणेश वासुदेव जोशी. मूळचे साताऱ्याचे आणि पेशाने वकील. पुढे सारे पुणे त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले, ते याच कामामुळे.

६/
२ एप्रिल १८७० रोजी पुण्यात ‘सार्वजनिक सभा’ स्थापन झाली. अध्यक्षपद औंधच्या पंतप्रतिनिधींकडे गेले. सरदार, संस्थानिक, सावकार आणि वकील मंडळीत होतेच. इथवर ही सभा मागच्या संस्थांसारखीच दिसते. तिचे वेगळेपण सभासदत्वाच्या नियमात होते. सभासद व्हायचे असेल तर किमान ५० माणसांनी सही केलेला मुखत्यारनामा आणायचा. ‘आमच्या वतीने बोलण्याचा अधिकार आम्ही यांस दिला आहे,’ असा त्या कागदाचा आशय.

७/
आरंभी असे ९५ सभासद झाले आणि त्यांच्यामागे सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. हिशेब केला तर प्रत्येक सभासदामागे सरासरी ६३ माणसे येतात, म्हणजे नियमाने मागितलेल्यापेक्षा अधिक. निवडणूक हा शब्दच ज्या देशात अजून रुळला नव्हता, तिथे सरकारला न विचारता ही एक लहानशी निवडणूक होऊन गेली होती. ‘कोणाच्या वतीने?’ या प्रश्नाचे उत्तर आता कागदावर होते.

८/
सह्या गोळा करण्याची कल्पना जगात नवी नव्हती. इंग्लंडमध्ये चार्टिस्ट चळवळीने १८४२ साली ३० लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढे ठेवला. १८४८ साली त्यांनी ५७ लाखांचा दावा केला. तपासणीत २० लाखही भरल्या नाहीत, आणि सह्यांत खुद्द राणी व्हिक्टोरियाचे नाव निघाले. चळवळीची टिंगल झाली. तिथे सही एका मागणीवर होती. ती एकदा केली की सही करणाऱ्याचा आणि मागणाऱ्याचा संबंध संपत असे.

९/
पुण्याची सही मागणीवर नव्हती, माणसावर होती. मुखत्यारनामा हा शब्दच कचेरीतला आहे. मुखत्यार म्हणजे दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार मिळालेला माणूस. वकील असलेल्या जोशींना त्या कागदाचे दुहेरी बंधन ठाऊक असणार. मुखत्यार बोलतो ते अशिलाच्या नावे, आणि काय बोललो याचा जबाब त्याला अशिलाला द्यावा लागतो. बैठकीत सुंदर भाषण केले एवढ्याने त्याचे काम संपत नाही.

१०/
१८७१च्या अखेरीस न्यायखात्यात नेमणूक होऊन महादेव गोविंद रानडे पुण्यास आले आणि सभेला तिचा मेंदू मिळाला. जोशी माणसे जोडणारे, दारोदार फिरणारे. रानडे आकडे मागणारे, कागद तपासणारे. रानडे सरकारी नोकर असल्याने पुढे दिसत नसत, पण सभेच्या अर्जांतून आणि अहवालांतून त्यांची शिस्त दिसते. बोलण्याआधी माहिती मिळवावी, हा सभेचा दंडक पडला तो या काळात.

११/
पहिली मोठी कसोटी शेतसाऱ्याची होती. दख्खनमध्ये जमिनीची फेरपाहणी होऊन सारा वाढत होता. सभेने १८७२ साली शेतकऱ्यांच्या स्थितीच्या चौकशीसाठी समिती नेमली, तालुक्यांतून माहिती गोळा केली आणि १८७३ साली अहवाल काढला. दोनच वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, सुपे येथे सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या आणि दंगे पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला तेव्हा सभेचा अहवाल लिहून झालेला होता.

१२/
याच वर्षांत सभेभोवती एक वस्तीच उभी राहिली असे म्हणता येईल. कोर्टाच्या खर्चातून लोकांना सोडवण्यासाठी लवाद न्यायालये निघाली. जोशींनी १८७२ साली स्वतः कातलेल्या सुताचे कापड वापरण्याचे व्रत घेतले आणि स्वदेशी मालाचा प्रसार हाती घेतला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी १८७१ साली ‘स्त्रीविचारवती सभा’ काढली आणि हळदीकुंकवाच्या निमित्ताने स्त्रियांना एकत्र आणले. १८७५ साली रानड्यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. महिन्यातून एकदा जमणाऱ्या मंडळीला रोजचे काम मिळाले.

१३/
मग १८७६ साली पाऊस फसला. १८७६ ते १८७८ हा दुष्काळ दख्खनने पाहिलेल्या सर्वांत भीषण दुष्काळांपैकी एक. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून आपले बातमीदार नेमले. पिकांची स्थिती, धान्याचे भाव, गुरांची विक्री, गाव सोडून जाणारी कुटुंबे यांची माहिती पुण्यास येई. तिच्या आधारे सरकारला एकामागून एक पत्रे जात. त्या पत्रांत आर्जव कमी आणि तपशील जास्त असे. तपशिलामुळेच ती पत्रे कचऱ्याच्या टोपलीत टाकणे अवघड झाले.

१४/
जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरी कमी केली. दिवसभर खडी फोडणाऱ्याला सुमारे एक पौंड, म्हणजे ४५० ग्रॅमच्या आसपास धान्य आणि वर एक आणा एवढीच मजुरी ठरली. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. सभेने या मजुरीला जोरदार विरोध केला आणि मजुरांची बाजू सरकारपुढे मांडली. दिवाणखान्यात जन्मलेली सभा या वेळी खडीच्या ढिगाऱ्यापर्यंत पोहोचली होती. तिच्या आयुष्यातील हा सर्वोच्च क्षण मानावा लागेल.

१५/
त्याच १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरियाला कैसर-ए-हिंद जाहीर करणारा दरबार भरला. रेशीम, जडजवाहीर आणि हत्तींच्या त्या गर्दीत सभेचे प्रतिनिधी म्हणून जोशी जाडेभरडे खादीचे कपडे घालून उपस्थित होते. ब्रिटिश प्रजाजनांना जे हक्क आहेत ते हिंदी लोकांनाही मिळावेत, ही सभेची मागणी. दक्षिणेत माणसे उपाशी मरत असताना भरलेल्या दरबारात त्या साध्या पोशाखाचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसेल.

१६/
जुलै १८७८ पासून सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. संपादक सीताराम हरी चिपळूणकर. लेखांचा मोठा वाटा रानड्यांचा, बहुधा नावाशिवाय. सरकारचा संशय वाढत होता. रानड्यांची आधी नाशिकला आणि मग १८७९ साली धुळ्याला बदली झाली. त्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांच्या खटल्यात बचावासाठी उभे राहण्याचे धैर्य जोशींनी दाखवले. २५ जुलै १८८० रोजी जोशी निवर्तले. सभा अवघी दहा वर्षांची होती.

१७/
इथे एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही. नाव ‘सार्वजनिक’, पण सभासदांत भरणा ब्राह्मणांचा आणि प्रतिष्ठितांचा. पुण्यातच २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या जोतीराव फुले यांनी या विसंगतीवर बोट ठेवले. शूद्र, महार, मांग यांना ज्या सभेत जागा नाही, ती सार्वजनिक कशी, हा त्यांच्या टीकेचा रोख होता. सभेने शेतकऱ्यासाठी काम केले हे खरे. शेतकरी स्वतः तिच्या गादीवर बसला नाही, हेही तितकेच खरे.

१८/
हा प्रश्न पूर्णगडच्या मुलखात नेऊन पाहिला की त्याची धार कळते. रत्नागिरी जिल्हा खोतीचा. गावचा सारा खोत भरी आणि कुळाकडून तो वसूल करी. आता समजा, एकाच मुखत्याराच्या कागदावर खोताचीही सही आहे आणि कुळाचीही. दोघांचे हित परस्परविरुद्ध असताना मुखत्याराने कोणाच्या वतीने बोलावे? पन्नास सह्यांच्या नियमात संख्येची काळजी होती. त्या पन्नासांत कोण कोण असावे, याविषयी नियम मुका होता.

१९/
खोत आणि कुळे यांचे संबंध ठरवणारा कायदा १८८० साली आला, पण प्रश्न सुटला नाही. ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव याच जिल्ह्यात होते, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ती प्रत्यक्षात रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. कुळाची बाजू मांडायला कुळाच्या बाजूचाच माणूस सभागृहात असावा लागतो, हा धडा शिकायला सहा-सात दशके गेली.

२०/
पुण्याकडे परतू. १८८५ साली राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पहिले अधिवेशन पुण्यात भरायचे ठरले होते आणि यजमानपण सार्वजनिक सभेकडे होते. पटकीची साथ आल्यामुळे ते मुंबईस हलवावे लागले. १८८८ साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी काँग्रेसवाल्यांची ‘सूक्ष्मदर्शकातून दिसणारे अल्पसंख्य’ अशी संभावना केली. ‘कोणाच्या वतीने?’ हा जुनाच प्रश्न नव्या शब्दांत आला होता. पुण्याने त्याचे उत्तर १८ वर्षे आधी शोधले होते, अपुरे का होईना.

२१/
आता रंगमंचावर रत्नागिरी जिल्ह्याचे दोन पुत्र येतात. बाळ गंगाधर टिळक, जन्म १८५६, रत्नागिरी. गोपाळ कृष्ण गोखले, जन्म १८६६, गुहागरजवळचे कोतळूक. गोखले हे रानड्यांचे शिष्य. त्यांनी १८८७ साली त्रैमासिकाचे संपादन हाती घेतले आणि १८९० साली ते सभेचे चिटणीस झाले. टिळकांजवळ ‘केसरी’ होता आणि त्याचा वाढता वाचकवर्ग होता. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय हक्क आधी, या वादात दोघे समोरासमोर उभे राहिले.

२२/
जुलै १८९५ मध्ये सभेच्या व्यवस्थापक मंडळाची निवडणूक झाली आणि टिळकांच्या पक्षाला बहुमत मिळाले. नियमाने पाहता त्यात काही गैर नव्हते. पण २५ वर्षे ज्यांनी संस्था वाढवली त्यांना ती परकी वाटू लागली. पुढच्या वर्षी रानडे आणि गोखले यांच्या बाजूच्या मंडळींनी ‘डेक्कन सभा’ ही वेगळी संस्था काढली. एका घराची दोन घरे झाली. मतभेद पोटात ठेवून चालण्याची रीत सभेला बसवता आली नव्हती.

२३/
फूट पडल्यावर सार्वजनिक सभा निष्प्रभ झाली असे मात्र नाही. १८९६ साली पुन्हा दुष्काळ आला. टिळकांच्या सभेने आपली माणसे गावोगावी पाठवली. सरकारच्याच दुष्काळी नियमांत रयतेला कोणत्या सवलती आहेत, हे त्यांनी लोकांना मराठीतून समजावून सांगितले. १८७७ साली सभा रयतेचे म्हणणे सरकारला सांगत होती. १८९७ साली ती सरकारचा कायदा रयतेला सांगू लागली. दुसरे काम सरकारला अधिक झोंबले. मार्च १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.

२४/
येथून पुढे सार्वजनिक धोरणाविषयी या सभेचे म्हणणे विचारात घेतले जाणार नाही, असा त्याचा अर्थ. २७ वर्षांपूर्वी ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ असे विचारणाऱ्या सरकारने आता उत्तर ऐकण्यासच नकार दिला. त्यातून सभेचे वजन उलट सिद्ध झाले. ज्या मंडळीला खरोखर कोणी विचारत नाही, तिची मान्यता काढण्याची तसदी कोणते सरकार घेते? पुणे सार्वजनिक सभा आजही अस्तित्वात आहे. पहिल्या २७ वर्षांतील तिचा दरारा मात्र पुन्हा परतला नाही.

२५/
या हकीकतीतून काय उरते? चर्चा करणारी मंडळी त्या काळी गल्लोगल्ली होती. सार्वजनिक सभा टिकली आणि वाढली याची कारणे तीन दिसतात. बोलणाऱ्याला आपल्यामागे माणसे आहेत हे दाखवावे लागे. दोन बैठकींच्या मधल्या काळात सभासदाला काम असे: चौकशी, लवाद, दुष्काळ. आणि मत देण्याआधी माहिती गोळा होई. ती अडखळली तीही दोन ठिकाणी: कोणाला आत घ्यायचे, आणि आतल्या विरोधकाबरोबर कसे राहायचे.

२६/
शेवटी पुन्हा पूर्णगड. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक दर्जा दिला. किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारा प्रत्येक मतदार आता ग्रामसभेचा सभासद आहे. खोताच्या वंशजाला तिथे एक आवाज आणि कुळाच्या वंशजालाही एकच. पन्नास सह्या लागत नाहीत, मुखत्यार लागत नाही. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते.

२७/
तेवढी माणसेही कित्येक गावांत जमत नाहीत आणि सभा तहकूब होते. १८७० साली एका माणसाला बोलता यावे म्हणून पन्नासांनी सह्या केल्या. आज पन्नासांना स्वतः बोलता येते, आणि सतरंजी रिकामी राहते. जोशी, रानडे, फुले यांचे वाद ज्या हक्कासाठी होते तो हक्क गावाच्या चावडीवर येऊन बसला आहे. पुढच्या ग्रामसभेची तारीख फलकावर लागली की वाचकांनी ती एकदा पाहावी.

(धागा समाप्त)